गुरुवारी उघडलेलं छप्पर

आमचं घर पावसाळ्यात गळायचं नाही, थंडीत गळायचं. हे कुणाला सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात. पण महाळुंग्यात पत्र्याखाली संसार केलेल्या कुठल्याही बाईला विचारा, ती नुसती मान हलवेल. डिसेंबर लागला की रात्री पत्रा बाहेरून गारठतो, आणि आत पहाटेपासून माझे दोन्ही गॅस पेटलेले असतात, कारण मी कंपन्यांतल्या मुलांना डबे देते. भाताची वाफ, आमटीची वाफ, झोपलेल्या माणसांचे श्वास, सगळं वर जाऊन पत्र्याला चिकटतं आणि थेंब होऊन खाली येतं. आमच्याकडे त्याला पत्र्याला घाम फुटला असं म्हणतात.

या घामाच्या जागा ठरलेल्या होत्या. माझे सासरे, ज्यांना मी मामंजी म्हणते, ते पायाशी एक पातेलं ठेवूनच झोपायचे. आमचे हे एका कुशीवर झोपायचे, कारण दुसऱ्या कुशीवर वळलं की कानात थेंब. स्वयंपाकघराला लागून असलेल्या भिंतीचा कोपरा तेवढा बारा महिने कोरडा, आणि तो मुलीचा. लग्न होऊन मारुंजीला जाईपर्यंत ती त्या कोपऱ्यात भिंतीला नाक लावून झोपली. तर असे आम्ही सगळे थेंब चुकवत, सरकत वर्षानुवर्षं झोपत होतो आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं.

वाटायला लागलं ते विहीणबाईंमुळे.

दिवाळीनंतर मुलीचं डोहाळजेवण आम्ही आमच्या दारात मांडव घालून केलं. विहीणबाई आदल्या रात्री मुक्कामाला आल्या. यजमान कोकणात घर-बाग सांभाळून, आणि या मारुंजीत मुलाच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये. नीटनेटक्या, कमी बोलणाऱ्या. त्यांच्यासाठी मी नवी गोधडी काढली आणि मानाची जागा म्हणून खोलीच्या बरोब्बर मधोमध अंथरलं. कामाच्या गडबडीत माझ्या लक्षातच राहिलं नाही की मधोमध घरातला सगळ्यात टपोरा थेंब पडतो. मेली थंडीही नेमकी त्याच रात्री सुरू झाली. पहाटे मी चपात्या लाटत होते, तर विहीणबाई कपाळ पुसत उठून बसलेल्या.

"पाऊस पडला का रात्री?" त्यांनी विचारलं.

मी आपली घामाची गोष्ट सांगायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं, गोधडीची व्यवस्थित घडी घातली आणि चहा पिताना शांतपणे म्हणाल्या, "बाळंतीण आमच्याकडेच बरी. फ्लॅट उबदार आहे. दवाखानाही जवळ आहे."

माझ्या हातातला चहा तसाच गार झाला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आपल्याकडे कुणी ठरवावं लागत नाही, ते ठरलेलंच असतं. तिच्या लग्नाच्या दिवसापासून मी त्या बाळंतपणाची वाट बघत होते. डिंक कुठला आणायचा, अळीव किती, बाळाला न्हाऊ घालायचं पाणी कुठल्या बंबात तापवायचं, हे सगळं माझं मनात ठरवून झालेलं होतं. बाळ व्हायचं पौषात, म्हणजे ऐन कडाक्यात. आणि आता एका थेंबापायी माझी लेक माझ्या घरी येणार नव्हती. मला राग आला, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटलं, कारण त्यांच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. नवं जन्मलेलं बाळ मी कुठे ठेवणार होते, छत्रीत?

पाहुणे गेल्यावर मी घरात जाहीर केलं, "पत्रा बदलायचा. खाली फोम असलेला बसवायचा, कंपनीच्या शेडला असतो तसला. त्याला घाम येत नाही."

"बघू," आमचे हे म्हणाले. यांच्या 'बघू'चे अर्थ मला लग्नानंतर कळायला बराच वेळ लागला. खालच्या आवाजातला 'बघू' म्हणजे नाही. टीव्हीकडे बघत म्हटलेला 'बघू' म्हणजे ऐकलंच नाही. हा त्यातला होता.

मामंजींनी मात्र ऐकलं होतं. त्यांनी माकडटोपी कानावर ओढली आणि म्हणाले, "थंडीत कुणी घराची टोपी काढतं व्हय? आमी पत्रा घातला तवा वैशाख हुता. माणसं उघड्यावर निजली तरी काय वाटलं न्हाई. आता काढशील तर रातीत खोकून मरंल मानूस."

मानूस म्हणजे ते स्वतः. आणि ते काही उगाच बोलत नव्हते. त्यांचा खोकला दिवाळीला येतो आणि होळीला जातो. छप्पर एक रात्र जरी उघडं राहिलं असतं तरी त्यांची छाती भरली असती. म्हणजे करायचं तर एका दिवसात, उजाडल्यापासून अंधार पडायच्या आत.

"आन पौषात घराला हात लावायचा न्हाई," त्यांनी शेवटचा खिळा ठोकला. "जे काय असंल ते माघात."

माघात बाळ पाळण्यात असणार होतं, मारुंजीच्या पाळण्यात.

मी कॅलेंडर घेऊन बसले. पौष नाही, तर उरला मार्गशीर्ष. माणसं लागणार, तर ती सुट्टीच्याच दिवशी मिळणार. आमच्या पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. यांचीही गुरुवारीच, माझ्या डब्यावरच्या मुलांचीही गुरुवारीच. आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी माझ्या घरी घट बसतो. सकाळी कलश मांडायचा, त्यात पाच झाडांचे डहाळे, वर नारळ, देवीचा मुखवटा, दागिने. एकदा देवी बसली की शुक्रवार सकाळपर्यंत तिला हलवत नाहीत. आता देवी खाली बसलेली असताना तिच्या डोक्यावरचं छप्पर कोण काढणार? पंचांग, कंपनी आणि माझं स्वतःचं व्रत, तिघांनी मिळून माझी कोंडी केली होती.

पहिला गुरुवार असाच गेला. दुसराही गेला. मी पूजा केली, उपवास केला, आणि आरती म्हणताना माझं लक्ष वर पत्र्याकडे. देवीला काय वाटलं असेल कोण जाणे.

मग एका दुपारी मुलीचा फोन आला. ती मला समजावत होती. "आई, राहू दे गं. कशाला एवढ्या थंडीत हा घाट घालतेस? इथे सगळं आहे."

"सगळं म्हणजे काय काय आहे?"

तिने थोडा विचार केला. "लिफ्ट आहे," ती म्हणाली.

मला हसू आलं, तीही हसली. मग तिने हळूच विचारलं, "आई, माझ्या कोपऱ्यात आता कोण झोपतं?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "तिथे कोण झोपेल?"

फोन ठेवला आणि माझं ठरलं. लिफ्ट असलेल्या घरातून माझी लेक कोपरा विचारत होती.

त्या रात्री जेवताना मी टीव्ही बंद केला आणि उभी राहून सांगितलं. शेवटच्या गुरुवारी पत्रा बदलायचा. देवी मी पहाटेच स्वयंपाकघरात बसवेन. काम दुसऱ्या टोकापासून सुरू करायचं. स्वयंपाकघराचे पत्रे सगळ्यात शेवटी, आणि तिथे एक जुना काढला की लगेच एक नवा टाकायचा, म्हणजे देवीला आभाळ दिसायचंच नाही. यांच्या शिफ्टमधला एक जण सुट्टीला फॅब्रिकेशनची कामं घेतो, त्याला मी परस्पर विचारून ठेवलं होतं. डब्यावरच्या मुलांना तर विचारायचीही गरज पडली नाही. त्यातला लातूरकडचा एक उंच मुलगा म्हणाला, "काकू, तुम्ही निवांत राहा. आम्ही हाव की." जेवणाच्या भरवशावर ही मुलं माझ्यासाठी डोंगरही सरकवतील.

"बघू," हे म्हणाले. पण आता ते पत्र्याकडे बघून म्हणाले. हा होकार होता.

मामंजी मात्र ताटावरून उठले. "तुमचं तुमी ठरवलंय. मला कशाला इचारता?" पुढचे दिवस ते माझ्याशी मोजकंच बोलले. मला ते टोचत होतं, पण माघार घ्यायचा माझा स्वभाव नाही.

तो गुरुवार उजाडला तो धुक्यातच. रस्त्यापलीकडच्या कंपनीची अख्खी शेड दिसत नव्हती. मुलं कानटोप्या घालून आली, अंगणात शेकोटी पेटली, चहाची दोन पातेली संपली. माझी देवी तोपर्यंत बसलीही होती. पिंपरीच्या बाजारातून आणलेली नवी नथ तिला घातली होती. मी सगळ्यांना पुन्हा बजावलं, तिकडून सुरू करा, आणि मोठं भगुणं आणायला शेजारी गेले. शेजारणीने थांबवून घेतलं, विचारपूस केली. परत आले तोवर धुकं विरलं होतं, आणि स्वयंपाकघरात लख्ख उजेड.

देवीच्या बरोबर डोक्यावरचे पत्रे काढलेले होते. एक नाही, ओळीने सगळे. वर निळं आभाळ, खाली नथ घातलेली देवी, आणि तिच्यावर गंजाची भुकटी, जळमटं आणि कुणा चिमणीने कधीतरी जमवलेलं गवत भुरभुरत होतं.

"कुणी सांगितलं इकडून काढायला?" माझा आवाज गल्लीच्या टोकाला गेला असणार. वरच्या मुलांचे हात थांबले. आमचे हे हातातल्या पान्याकडे फारच निरखून बघायला लागले. मग सगळ्यांनी एकदम शेकोटीकडे पाहिलं.

"म्या सांगितलं," मामंजी म्हणाले.

"का पण? ठरलं होतं ना आपलं?"

ते उठून आत आले. ओट्यापाशी उभे राहिले आणि वर बोट केलं. "सगळ्यात जास्त थेंब हितं पडत्यात. तुज्या डोक्यावर. रोज पहाटं जागा असतोय मी. पदर डोक्यावर घिऊन चपात्या लाटतीस, मान वाकडी करून. सांज झाली, काम ऱ्हायलं, तर मागचं ऱ्हाऊ दे. हे आधी झालं पायजे."

इतकी वर्षं मला वाटत होतं की त्या पहाटे मी एकटीच जागी असते. हा म्हातारा गोधडीतून रोज बघत होता, आणि एका शब्दाने बोलला नव्हता. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. मामंजी मात्र गडबडले. "आता देवीचं बघ आधी," म्हणाले.

देवी हलवायची नव्हती आणि वरून कचरा पडायचा थांबत नव्हता. शेवटी त्यांनीच कोपऱ्यातून ती मोठी छत्री काढली, यांना दिवाळीला कंपनीतून मिळालेली, दोन माणसं सहज मावतील अशी. छत्री उघडून ते पाटावर बसले, देवीच्या शेजारी, माकडटोपी घालून. देवीवर छत्र धरलेला इतका गंभीर सेवक मी कुठल्या मंदिरातही पाहिलेला नाही.

इथपर्यंत सगळं निभावलं असतं. पण शेवटच्या गुरुवारी हळदीकुंकू असतं, आणि त्याला मी विहीणबाईंना बोलावलं होतं, संध्याकाळी. तोवर नवं छप्पर बसलेलं असेल, त्या वर बघतील आणि त्यांचं मन बदलेल, असा माझा डाव होता. जावयाला संध्याकाळी ऑफिसचा कॉल निघाला आणि ते सगळे दुपारीच येऊन थडकले. दारात गाडी थांबली तेव्हा अर्धं घर उघडं होतं, माझ्या केसांत जळमटं होती आणि हातात साबुदाणा.

मुलगी पोट सावरत उतरली, वर बघितलं आणि खळखळून हसली. विहीणबाई हसल्या नाहीत. त्या आत आल्या. त्यांनी आभाळ पाहिलं, छत्री पाहिली, छत्रीखालचे मामंजी पाहिले. मामंजी एव्हाना छत्री या हातातून त्या हातात घेत होते. विहीणबाईंनी पर्स बाजूला ठेवली, पदर खोचला आणि म्हणाल्या, "द्या, मी धरते."

मग त्या छत्री घेऊन बसल्या. मी त्यांच्यासमोर पुरण वाटायला बसले, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. वरून उन्हाचा मोठा चौकोन आमच्या दोघींच्या मध्ये पडला होता, आणि थंडीत ते ऊन फार छान वाटत होतं.

"एवढ्या थंडीत कशाला काढलंत हे?" त्यांनी विचारलं. "उन्हाळ्यात झालं असतं."

मला आडवळणाने बोलता येत नाही. "तुमच्या कपाळावर थेंब पडला म्हणून," मी म्हटलं. "मला माझी मुलगी बाळंतपणाला घरी हवीय."

त्यांनी वर बघितलं. वर लातूरचा मुलगा नव्या पत्र्याचं टोक धरून उभा होता आणि आमचे हे त्याला शिव्या घालत होते, म्हणजे काम नीट चाललं होतं.

"थेंबाचं निमित्त झालं हो," विहीणबाई म्हणाल्या. "मुलगा दिवसभर घरूनच काम करतो, पण दार लावून, कानात ते घालून. मी आणि सून, आम्ही दोघीच बोलतो दिवसभर. ती इकडे आली की मी त्या फ्लॅटमध्ये कुणाशी बोलू? आणि बाळ आधी तुम्ही बघणार. म्हणून म्हटलं मी तसं."

मी पुरणाचे हात तसेच ठेवून त्यांच्याकडे बघितलं. इतके आठवडे मी या बाईवर मनातल्या मनात दात खात होते, आणि ती बिचारी लिफ्ट असलेल्या घरात एकटी बसलेली.

"मग तुम्हीही या," मी म्हटलं.

"बाळंतपणाला? सुनेच्या माहेरी? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, दोन आज्या भांडतात. भांडायला तरी माणूस हवं ना."

त्या हसल्या. छत्री हलली आणि वरचं गवत माझ्या पुरणात पडलं. पुरणाचा वरचा बोटभर थर मी काढून टाकला, आणि ही गोष्ट जेवणाऱ्यांपैकी कुणाला आजवर सांगितलेली नाही.

शेवटचा स्क्रू बसला तेव्हा कंपन्यांचे दिवे लागायला आले होते. वरून हिरवा, आतून पांढरा पत्रा. बायका हळदीकुंकवाला आल्या आणि देवीकडे बघायच्या आधी सगळ्या वर बघत होत्या. मुलांनी अंगणात पुरणपोळ्यांवर आडवा हात मारला. जावई कॉलसाठी त्याआधीच मारुंजीला परत गेले होते, ते एकटेच. दोघींच्या बॅगा दुसऱ्या दिवशी आणायचं कबूल करून गेले. विहीणबाई माझी साडी नेसून राहिल्या.

झोपायच्या वेळी मी त्यांचं अंथरूण भिंतीकडे घालत होते, तर म्हणाल्या, "नको, मधोमध घाला. तिथेच." मामंजींनी सवयीने पायाशी पातेलं ठेवलं, मग आमच्याकडे बघून ते निमूटपणे परत उचललं. आणि मुलगी तिच्या कोपऱ्यात. मी म्हटलं, "अगं, आता सगळं घर कोरडं आहे, हवं तिथे ऐसपैस झोप." तिने ऐकलं नाही.

पहाटे मी अंघोळ करून गॅस पेटवला. डब्यांचा भात शिजायला लागला, वाफ वर गेली. मी लाटणं हातात घेऊन वर बघत उभी राहिले. आत पाहिलं, तर विहीणबाईही टक्क जाग्या, उताण्या पडून वरच बघत होत्या.

"पडेना हो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी केव्हाची वाट बघतेय."

मामंजी खोकले नव्हते. घोरत होते.

देवीला हळदकुंकू वाहून मी घट हलवला. कलशातले डहाळे शुक्रवारी घराच्या कोपऱ्याकोपऱ्यांत ठेवायचे असतात. विहीणबाई उठून माझ्याबरोबर आल्या. एक दाराकडे ठेवला, एक ओट्यापाशी, एक टीव्हीपाशी, एक मामंजींच्या उशाला. शेवटचा घेऊन मी मुलीच्या कोपऱ्यात गेले. ती गाढ झोपली होती, पण नेहमीसारखी भिंतीला नाक लावून नव्हती. भिंतीकडे वीतभर जागा मोकळी सोडून, तिकडे तोंड करून, एक हात त्या रिकाम्या जागेवर ठेवून ती झोपली होती.

आम्ही दोघी वाकून बघत राहिलो. मग विहीणबाईंनी माझ्या हातातला डहाळा घेतला आणि त्या जागेच्या उशाशी ठेवला.